सीएएच असलेल्या मुलांच्या पालकांचे नेहमीचे प्रश्न

‘कंजेनायटल अ‍ॅड्रिनल हायपरप्लेजिया’ (थोडक्यात सीएएच) असं लांबलचक नाव रिपोर्टवर वाचून आई-वडील येतात. ते पहिल्या भेटीत काय विचारतात आणि पुढे रात्री-अपरात्री फोनवर काय विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. लिहिणारा सांगलीत मुलांचे आजार बघणारा डॉक्टर आहे, त्यामुळे उदाहरणं याच भागातली आहेत. डोसचे आकडे समजावण्यापुरते दिलेत. तुमच्या मुलाच्या फाईलवर लिहिलेला डोसच खरा. मूल आत्ता आजारी असेल तर बाकी सगळं सोडून ‘ताप आला, उलट्या झाल्या तर?’ हा प्रश्न आधी वाचा.

हा आजार म्हणजे नेमकं काय?

दोन्ही किडन्यांच्या माथ्यावर अ‍ॅड्रिनल नावाची एकेक छोटी ग्रंथी असते. तिथे तीन तऱ्हेचे हार्मोन तयार होतात. कॉर्टिसॉल आजारपणात रक्तदाब आणि साखर सावरून धरतं. अल्डोस्टेरॉन शरीरातलं मीठ लघवीवाटे वाहून जाऊ देत नाही. तिसरे म्हणजे पुरुषी गुणाचे हार्मोन, जे थोड्या प्रमाणात मुलींमध्येही असतात.

सीएएचमध्ये हे हार्मोन बनवणारं एक एन्झाइम जन्मतःच कमी असतं. नव्वद टक्क्यांहून जास्त मुलांमध्ये ते २१-हायड्रॉक्सिलेज असतं. कॉर्टिसॉल कमी पडतंय हे बघून मेंदूतली पिट्युटरी ग्रंथी अ‍ॅड्रिनलला सारखी दामटत राहते. ग्रंथी फुगते, पण कच्चा माल कॉर्टिसॉलच्या वाटेने पुढे सरकत नाही आणि सगळा पुरुषी हार्मोनकडे वळतो. म्हणजे दोन गोष्टींचा तुटवडा आणि तिसरीचा पूर. उपचाराचं सगळं गणित या एका वाक्यात आहे.

आयसीएमआरने देशातल्या पाच शहरांत एक लाखाहून जास्त नवजात बाळं तपासली, तेव्हा साधारण ५,७६२ बाळांमागे एकाला हा आजार आढळला. तुम्ही एकटे नाही आहात.

आमच्याच घरात का? दोन्हीकडे कुणालाच नव्हतं.

नसणारच. आई आणि वडील दोघांकडेही या जनुकाची एक चांगली आणि एक बिघडलेली प्रत असते. एका चांगल्या प्रतीवर माणूस आयुष्यभर ठणठणीत राहतो, त्याला पत्ताही लागत नाही. बाळाला दोघांकडूनही बिघडलेली प्रत आली तरच आजार होतो, आणि ही शक्यता प्रत्येक गरोदरपणात चारात एक असते. पहिल्याला झाला म्हणून पुढची तीन सुटली, असा हिशेब इथे चालत नाही.

आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न करायची रीत आहे. एकाच रक्तातली बिघडलेली प्रत दोन्हीकडून यायची शक्यता अशा लग्नात वाढते. झालेल्या लग्नाबद्दल आता कुणाला बोल लावून उपयोग नाही, पण घरातल्या पुढच्या सोयरिकी जुळवताना हे डोक्यात ठेवा. आणि सुनेला ‘पांढऱ्या पायाची’ म्हणणाऱ्यांना एवढंच सांगा की निम्मा वाटा मुलाकडून आलाय. हे वाक्य मी ओपीडीत आजीच्या तोंडावर बोलतो आणि मला त्याचा अजिबात संकोच वाटत नाही.

बारशापर्यंत बाळ चांगलं होतं. मग अचानक काय झालं?

मीठ वाहून जाणारा प्रकार याच सुमाराला उघडा पडतो, दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात. बाळ दूध ओढायचं कमी करतं, उलट्या होतात, वजन वाढायच्या ऐवजी घटतं, टाळू खोल जाते, आणि एक दिवस बाळ मान टाकतं. घरचे म्हणतात दूध पचत नाही, पाहुण्यांची नजर लागली. दवाखान्यात जंतुसंसर्ग समजून अँटिबायोटिक सुरू होतं. रक्तात सोडियम कमी आणि पोटॅशियम जास्त दिसलं की मात्र कुणाही बालरोगतज्ज्ञाच्या मनात सीएएच यायलाच हवं.

तीव्र सीएएच असलेल्या चार मुलांपैकी साधारण तिघांना हा मीठ वाहून जाणारा प्रकार असतो. यात मुलगे जास्त फसतात, कारण जन्मतः त्यांच्याकडे बघून काहीच कळत नाही. मुलीमध्ये बाहेरच्या अवयवांवरून निदान शंका तरी येते. आधीचा मुलगा पंधरा-वीस दिवसांचा होऊन उलट्यांनी गेला, कारण कळलं नाही, अशी हकीकत घरात असेल तर ती डॉक्टरांना न विचारताच सांगा.

मुलगा की मुलगी, डॉक्टर लगेच सांगत नाहीत. लोकांना काय सांगायचं?

‘बाळाच्या तपासण्या चालू आहेत, आठ-दहा दिवसांनी पेढे वाटू.’ बस. यापेक्षा जास्त कुणाचं देणं लागत नाही.

गर्भात पुरुषी हार्मोन जास्त झाल्यामुळे मुलीचा क्लिटोरिस मोठा दिसतो आणि कधी त्याखालचा भाग जुळलेला असतो. पण आत गर्भाशय असतं, बीजांडं असतात, गुणसूत्रं ४६ एक्सएक्स असतात. सोनोग्राफी आणि कॅरिओटाइप (गुणसूत्रांची तपासणी) या दोन तपासण्यांतून चित्र स्पष्ट होतं. बहुतेक वेळा अशा बाळाला मुलगी म्हणूनच वाढवतात, आणि पुढे पाळी येणं, मूल होणं शक्य असतं. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते, नाव मात्र नंतर घालता येतं. म्हणून दाखल्याच्या घाईत अंदाजाने लिंग लिहून टाकू नका. नंतर दुरुस्तीसाठी मारावे लागणारे हेलपाटे फार असतात.

बाळाची लंगोटी बदलताना बघायला येणाऱ्या बायकांना बाहेर बसवा. हे आईला बोलता येत नाही, म्हणून वडिलांनी बोलायचं.

कोणत्या तपासण्या लागतात?

मुख्य तपासणी रक्तातल्या १७-ओएचपीची, म्हणजे कॉर्टिसॉल न बनल्यामुळे साठलेल्या कच्च्या मालाची. सोबत सोडियम, पोटॅशियम, साखर आणि रेनिन (शरीरात मीठ कमी पडलं की हे वाढतं). जन्मानंतर ४८ ते ७२ तासांत टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन जी नवजात तपासणी करतात, तिच्यातही १७-ओएचपी असते. कमी दिवसांच्या बाळात हा आकडा आजार नसतानाही वाढलेला दिसू शकतो, तेव्हा एका रिपोर्टवर रडारड नको. पुन्हा तपासून घ्या. घरात आधी सीएएचचं मूल असेल तर ही तपासणी टाळू नका, प्रसूती तालुक्याला होवो की मिरजेला.

औषधं कोणती आणि किती दिवस?

हायड्रोकॉर्टिसोन आणि फ्लुड्रोकॉर्टिसोन. आयुष्यभर.

हायड्रोकॉर्टिसोन कॉर्टिसॉलच्या जागी. वाढत्या मुलांना शरीराच्या दर चौरस मीटर पृष्ठभागामागे दिवसाला १० ते १५ मिलिग्रॅम, तीन वेळा विभागून. निदान झाल्या झाल्या काही दिवस जास्त लागू शकतं. फ्लुड्रोकॉर्टिसोन मीठ धरून ठेवणाऱ्या हार्मोनच्या जागी, बहुधा दिवसाला ५० ते २०० मायक्रोग्रॅम. पहिल्या वर्षात याच्या जोडीला दिवसाला १ ते २ ग्रॅम मीठ, दुधांमध्ये विभागून, कारण आईच्या दुधात आणि पावडरच्या दुधात मीठ फार कमी असतं. मूल घरातली आमटी-भाकरी खायला लागलं की वरचं मीठ बहुतेक वेळा थांबवता येतं. जत-आटपाडीकडच्या किंवा माण-खटावच्या उन्हाळ्यात घाम जास्त जातो, तेव्हा मोठ्या मुलालाही थोडं जास्त लागू शकतं. ‘एक वर्षाच्या आत मीठ नको’ हा नियम या बाळाला लागू नाही, हे अंगणवाडीताईंना आणि आजीला आधीच सांगून ठेवा.

स्टिरॉईड? इतक्या लहान बाळाला? वाईट परिणाम होतील ना?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा आणि सगळ्यात जास्त नुकसान करणारा प्रश्न हाच.

दम्याला, सांध्याला, त्वचेला जे स्टिरॉईड देतात ते शरीराच्या गरजेच्या वर दिलेलं असतं. इथे शरीरात नाही तेवढंच आपण भरून काढतो. योग्य डोसने तोंड सुजत नाही, हाडं ठिसूळ होत नाहीत, प्रतिकारशक्ती घटत नाही. डोस जास्त झाला तर वजन वाढेल, उंची खुंटेल; म्हणूनच दर तीन-चार महिन्यांनी मोजमाप करतात. पण शेजाऱ्याने सांगितलं म्हणून, व्हॉट्सअ‍ॅपवर आलं म्हणून, किंवा ‘आता बरं दिसतंय’ म्हणून गोळी बंद केली तर काही दिवसांत मूल आयसीयूत जाऊ शकतं. ज्या घरात गोळ्यांना नावं ठेवणारं एक माणूस असतं, त्या घरातलं मूल मला जास्त वेळा सलाईनवर दिसतं. त्या माणसालाच पुढच्या भेटीला सोबत घेऊन या.

इतक्या छोट्या बाळाला गोळी द्यायची कशी?

महिन्याभराच्या बाळाला एका वेळी साधारण एक मिलिग्रॅम लागतं आणि गोळी असते पाच किंवा दहाची. नखाने तुकडे पाडून अंदाजाने देऊ नका. पाच मिलिग्रॅमची गोळी दोन चमच्यांमध्ये दाबून बारीक पूड करायची, पाच मिली उकळून गार केलेल्या पाण्यात टाकायची, सिरिंजने ढवळायची आणि पूड तरंगत असतानाच एक मिली ओढून घ्यायची. हे औषध पाण्यात नीट विरघळत नाही, तळाशी बसतं. आधी ढवळून ठेवून नंतर वरचं पाणी ओढलं तर बाळाच्या पोटात नुसतं पाणी जातं. उरलेलं ओतून टाका, दुपारसाठी झाकून ठेवू नका. गालाच्या आत हळूहळू सोडा, मग अंगावर घ्या. बाटलीभर दुधात मिसळलं आणि बाळाने निम्मं दूध टाकलं, तर किती पोटात गेलं कुणाला कळणार?

डोस चुकला तर आठवल्याबरोबर द्या, पुढचा त्याच्या वेळेवर.

ताप आला, उलट्या झाल्या तर?

आजारी पडल्यावर निरोगी माणसाची अ‍ॅड्रिनल आपोआप कॉर्टिसॉल वाढवते. तुमच्या मुलाची वाढवू शकत नाही, म्हणून ते काम तुम्ही करायचं.

ताप १००.४ फॅरनहाइटच्या वर: हायड्रोकॉर्टिसोनचा रोजचा डोस दुप्पट. १०२.२ च्या वर: तिप्पट. तीनऐवजी चार वेळा विभागून, म्हणजे सहा-सहा तासांनी. रात्रीचाही चुकवायचा नाही, उठवून द्यायचा. फ्लुड्रोकॉर्टिसोन तेवढंच ठेवायचं. साखर उतरू नये म्हणून थोड्या थोड्या वेळाने पेज, साखरपाणी, काहीतरी पोटात जाऊ द्या. ताप गेल्यावर एका दिवसाने नेहमीच्या डोसवर या. थर्मामीटर घरात हवाच, हात लावून ताप ओळखणं इथे चालत नाही.

गोळी दिल्यावर अर्ध्या तासात उलटी झाली तर तोच डोस पुन्हा द्या. पुन्हा उलटली, तर तिसऱ्यांदा प्रयत्न करत बसू नका. इंजेक्शन द्या आणि दवाखान्याकडे निघा. सारखे पातळ जुलाब होत असतील, मूल सुस्त पडलं असेल, हातपाय गार पडले असतील, हाक मारून नीट जागं होत नसेल, झटका आला असेल किंवा मोठा अपघात झाला असेल तरी हेच. गाडी नसेल तर १०८ ला फोन करा, पण इंजेक्शन आधी, फोन नंतर.

इंजेक्शन हायड्रोकॉर्टिसोन सोडियम सक्सिनेटचं. तीन वर्षांच्या आत २५ मिलिग्रॅम, शाळकरी मुलाला ५०, बारा वर्षांच्या पुढे १००. १०० मिलिग्रॅमच्या कुपीत इंजेक्शनचं निर्जंतुक पाणी दोन मिली घातलं तर २५ म्हणजे अर्धा मिली आणि ५० म्हणजे एक मिली. मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मधल्या भागात, सुई सरळ आत. आई-वडिलांनी हे दवाखान्यात एकदा पाण्याच्या कुपीवर हाताने करून बघायचं, नुसतं बघून येत नाही. ‘द्यावं की नको’ असं वाटत असेल तर द्या. एखादा डोस विनाकारण गेला तर काही बिघडत नाही. गरज असताना न दिल्याने जीव जाऊ शकतो.

रात्री दोन वाजता ड्युटीवरच्या डॉक्टरांना हा आजार माहीत असेलच असं नाही. म्हणून आमच्याकडून लेटरहेडवर चिठ्ठी घ्या: आजाराचं नाव, इंजेक्शनचा डोस, नॉर्मल सलाईन आणि ग्लुकोज, पोटॅशियम घातलेलं सलाईन नको, साखर आणि इलेक्ट्रोलाइट लगेच बघा. तिचा फोटो घरातल्या सगळ्यांच्या मोबाईलमध्ये, आणि एक प्रत मुलाला सांभाळणाऱ्या आजोबांच्या खिशात.

डोस कधी वाढवायचा नाही?

ताप नसलेली सर्दी, परीक्षा, शाळेतले खेळ, रडारड, जत्रेतली दमणूक, ताप न आलेलं लसीकरण. दर वेळी वाढवत राहिलं तर उंचीवर येतं. ऑपरेशन किंवा भूल देऊन दात काढायचा असेल तर मात्र आधी कळवा.

गुटी, काढा, शहाळं?

उलट्या होणाऱ्या मुलाला शहाळं पाजायची आपल्याकडे सवय आहे. त्यात पोटॅशियम भरपूर आणि सोडियम कमी, म्हणजे या मुलाला नको ते जास्त आणि हवं ते कमी. ज्येष्ठमधाने शरीरात मीठ-पाणी साठतं, रक्तदाब चढतो आणि आमच्या फ्लुड्रोकॉर्टिसोनचा हिशेब चुकतो; गुटीत किंवा काढ्यात ते असेल तर सांगा. गोळ्यांच्या जागी घेता येईल असं कुठल्याही पॅथीत काही नाही. बाकी काय पाळायचं ते पाळा, अंगारा लावायला माझी हरकत नाही.

मुलगा पाच वर्षांचा आणि चांगला थोराड आहे. त्याला कसला आजार?

हा न ओरडणारा प्रकार. मीठ वाहून जात नाही, त्यामुळे बाळपण सुरळीत जातं. मग वर्गात सगळ्यात उंच, अंगाने दणकट, पाचव्या-सहाव्या वर्षी जांघेत केस, अंगाला मोठ्या माणसासारखा घामाचा वास, लिंग वयापेक्षा मोठं पण वृषण लहानच. घरचे खूश होऊन पोराला तालमीत घालायच्या गप्पा मारतात. हाडांचं वय मात्र पुढे पळत असतं. डाव्या पंजा-मनगटाच्या एक्स-रेमध्ये पाच वर्षांच्या मुलाचं हाड नऊ वर्षांचं दिसू शकतं. हाडांची टोकं लवकर जुळली की वाढ थांबते, आणि आज सगळ्यात उंच असलेला मुलगा मोठेपणी बुटका राहतो. नऊच्या आत मुलाला आणि आठच्या आत मुलीला असे बदल दिसले तर ‘लवकर वयात आला’ म्हणून सोडून देऊ नका.

उपचार चालू असलेल्या मुलाने कुस्ती जरूर करावी. स्पर्धेच्या पातळीवर पोचला तर हायड्रोकॉर्टिसोनच्या गोळ्या डोपिंगच्या यादीत येतात. उपचारासाठीची सूट नाडाकडून (खेळातल्या उत्तेजकांवर लक्ष ठेवणारी राष्ट्रीय संस्था) आधी घ्यावी लागते.

दर वेळी इतक्या तपासण्या कशाला?

पहिल्या तीन महिन्यांत दर महिन्याला, नंतर तीन-चार महिन्यांनी. उंची, वजन आणि रक्तदाब हे माझ्या मते रक्ताच्या रिपोर्टपेक्षा जास्त बोलतात. १७-ओएचपी अगदी नॉर्मल आलं तर पालकांना आनंद होतो, मला शंका येते: डोस जास्त तर होत नाही ना? हा आकडा थोडा वर राहिलेला चालतो. अ‍ॅन्ड्रोस्टेनडायोन, टेस्टोस्टेरॉन (हे दोन पुरुषी हार्मोन) आणि रेनिन यांच्यासोबत तो वाचायचा असतो. वयात येणाऱ्या मुलग्यांची वृषणाची सोनोग्राफीही करतात, कारण तिथे अ‍ॅड्रिनलसारख्या पेशींच्या गाठी होऊ शकतात. साताऱ्याहून पुणं दोन-अडीच तासांवर असलं तरी दर भेट तिथे व्हायला हवी असं नाही. वर्षातून एक-दोनदा हार्मोनतज्ज्ञ, बाकी वेळा गावाजवळचा बालरोगतज्ज्ञ, आणि दोघांच्या हाती एकच फाईल.

मुलीचं ऑपरेशन लगेच करावं का?

बदल सौम्य असेल तर बहुधा लागतच नाही. जास्त असेल तर कधी करावं यावर जगभरात मतभेद आहेत. मुलगी स्वतः सांगण्याच्या वयाची होईपर्यंत थांबावं, असं म्हणणारे वाढत आहेत. तमिळनाडूत २०१९ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या निकालानंतर जीवाला धोका नसताना तान्ह्या बाळांवर अशी शस्त्रक्रिया करायला बंदी आली. लघवी तुंबणं किंवा वारंवार संसर्ग हा वेगळा विषय, तिथे थांबायचं नाही. पण नुसतं ‘लोक काय म्हणतील’ या कारणासाठी केलेल्या घाईच्या मी विरोधात आहे.

पुढच्या बाळाचं काय?

आधी या मुलाची जनुक तपासणी करून नेमका बिघाड कुठे आहे ते कळायला हवं. दिवस गेल्यावर ती धावपळ नको. मग अकराव्या आठवड्याच्या सुमाराला वारेचा अंश काढून गर्भाची तपासणी करता येते. गर्भाचं लिंग सांगणं कायद्याने गुन्हा आहे, ते कुणी सांगणार नाही आणि विचारूही नये.

गर्भातल्या मुलीचे बाहेरचे अवयव बदलू नयेत म्हणून गरोदरपणात आईला डेक्सामेथासोन हे स्टिरॉईड देण्याबद्दल काही जण वाचून येतात. ते नवव्या आठवड्याच्या आत सुरू करावं लागतं, तेव्हा काहीच माहीत नसतं, आणि त्याचा उपयोग आठ गर्भांपैकी एकालाच: आजार असलेल्या मुलीला. उरलेल्या सातांना फुकटचं औषध. म्हणून ते संशोधनाच्या बाहेर देत नाहीत.

नवीन औषध आलंय म्हणे?

क्रिनेसेरफाँट. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत चार वर्षांवरच्या मुलांसाठी मान्य झालं. पिट्युटरीचं दामटणं कमी करतं, त्यामुळे हायड्रोकॉर्टिसोनचा डोस खाली आणता येतो. ते हायड्रोकॉर्टिसोनच्या जोडीने घ्यायचं, त्याच्या जागी नाही.

मेडिकलमध्ये गोळ्या मिळाल्या नाहीत तर?

फ्लुड्रोकॉर्टिसोन प्रत्येक मेडिकलमध्ये नसतं, बऱ्याचदा मागवून घ्यावं लागतं. एका दुकानदाराशी कायमचं बोलून ठेवा आणि महिन्याचा साठा हाताशी असतानाच पुढचा सांगा. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीत घराबाहेर पडणंही कठीण झालं होतं. नदीकाठच्यांनी जूनमध्येच दोन महिन्यांच्या गोळ्या, इंजेक्शनच्या कुपी, सिरिंज आणि चिठ्ठी एका घट्ट झाकणाच्या डब्यात भरून वरच्या मजल्यावर ठेवायची. घर सोडायची वेळ आली तर कागदपत्रांच्या आधी तो डबा. काही कंपन्यांचं फ्लुड्रोकॉर्टिसोन फ्रिजमध्ये ठेवावं लागतं, पाकिटावर वाचा. हायड्रोकॉर्टिसोन कुठेच मिळालं नाही तर दिवस कोरा जाऊ देऊ नका. डॉक्टरांना फोन करून प्रेडनिसोलोनचा तात्पुरता डोस लिहून घ्या, ते बहुतेक सगळीकडे असतं. फ्लुड्रोकॉर्टिसोनची जागा मात्र ते घेऊ शकत नाही, त्यामुळे ते मिळेपर्यंत मीठ किती वाढवायचं हेही त्याच फोनवर विचारा.